घड्याळ चुकलं म्हणून आमचा खेळ बंद करू नका : गेम कन्सोल कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
गेम कन्सोल बनवणाऱ्या आणि भारतात विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या फोंड्यात माझं इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करण्याचं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर असं सगळं येतं आणि पीएस-टूच्या (सोनीच्या प्लेस्टेशन २ च्या) काळापासून गेम कन्सोलही, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायची यंत्रंही, येतात. तुमच्या इंजिनियरांनी आत काय काय केलंय ते मला रोज उघडून पाहायला मिळतं. पंख्याची मांडणी, बोर्डावरच्या रेषांची सफाई बघून मी पुष्कळदा मनापासून दाद दिली आहे. आज मात्र तक्रार घेऊन आलोय, आणि ती खाजगीत मांडून झाल्यावरच चारचौघांत मांडतोय.

डिचोली तालुक्यातला एक तरुण मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला आहे. वर्षातले कितीतरी महिने तो समुद्रावर असतो. जाताना बरोबर एक जुना कन्सोल आणि डिस्कांची पिशवी नेतो. त्या सगळ्या डिस्क त्याने पगारातून विकत घेतलेल्या आहेत. गेल्या खेपेला भर समुद्रात कन्सोलच्या आतला घड्याळाचा सेल संपला. यंत्र ठणठणीत होतं, टीव्ही ठणठणीत होता, डिस्कवर ओरखडा नव्हता. पण आजची तारीख कोणती हे कन्सोलला कळेना, आणि इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला, म्हणजे तिच्या मध्यवर्ती संगणकाला, विचारून खात्री झाल्याशिवाय तो डिस्क चालवेना. हाताने लावलेली वेळ तो मानायला तयार नव्हता. जहाजावरचं इंटरनेट घरी चार निरोप पाठवण्यापुरतं, त्यातून कन्सोलचा सर्व्हर काही गाठता येईना. त्याचा सगळा प्रवास कन्सोल केबिनमध्ये नुसता पडून राहिला.

परत आल्यावर तो माझ्याकडे आला. मी कन्सोल उघडला, सेल बदलला, दुकानातल्या इंटरनेटला जोडला आणि पाच मिनिटांत खेळ सुरू झाला. त्याने मला एकच विचारलं, "काका, उद्या कंपनीनं सर्व्हरच बंद केला तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी कंपनीला लिहिलं. इंटरनेटशिवाय वेळ लावायची सोय या मॉडेलमध्ये देणार का, आणि सर्व्हर बंद करण्याआधी तशी सोय करून ठेवणार का, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं, की या मॉडेलची सेवा संपली आहे, आतला सेल हा ग्राहकाने हात लावायचा भाग नाही आणि नव्या मॉडेलवर सध्या सवलत चालू आहे. मी जे विचारलं होतं त्याला त्यात कुठेच उत्तर नव्हतं. कंपनीचं नाव मी घेत नाही. ही खोड एका कंपनीची असती तर हे पत्र तिलाच गेलं असतं.

घड्याळामुळे कन्सोल अडून बसण्याचा प्रकार नवा नाही, आणि तो किती मोठा होऊ शकतो हे जगाने पाहिलेलं आहे.

१ मार्च २०१०. आपल्याकडे धुळवड होती. ग्रिनिच वेळेप्रमाणे मध्यरात्र झाली, म्हणजे इथे पहाटेचे साडेपाच वाजले, आणि सोनीच्या जुन्या, जाड्या बांध्याच्या प्लेस्टेशन ३ यंत्रांनी जगभर एकाच वेळी मान टाकली. सप्टेंबर २००९ मध्ये आलेलं स्लिम मॉडेल तेवढं वाचलं. बाकीच्यांच्या पडद्यावर ८००१०५०एफ हा त्रुटी क्रमांक दिसायला लागला. तारीख मागे सरकून २००० सालच्या १ जानेवारीवर गेली. प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन सेवेवर प्रवेश बंद. इंटरनेटवरून वेळ लावायला जावं तर वेळ मिळत नाही असा संदेश. भाड्याने घेतलेले चित्रपट मुदत शिल्लक असताना उघडेनात. आणि सर्वांत लोकांच्या जिव्हारी लागलं ते हे, की इंटरनेटशी काडीचा संबंध नसलेले, एकट्याने खेळायचे कित्येक खेळही सुरू होईनात, कारण खेळ सुरू होताना ट्रॉफींची, म्हणजे खेळात मिळवलेल्या बक्षीस-खुणांची, नोंद उघडावी लागते आणि ती नोंद घड्याळाला विचारून उघडते.

सोनीने त्या दिवशी काय सांगितलं? स्लिम सोडून दुसरं मॉडेल असेल तर ते वापरू नका, वापरलंत तर ट्रॉफींची नोंद बिघडू शकते, काही माहिती परत मिळणार नाही, चोवीस तासांत तोडगा निघेल अशी आशा आहे. लोकांनी काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे. काहींनी भीतीने यंत्राची वायरच काढून ठेवली. वर्षानुवर्षं जमवलेल्या ट्रॉफी गेल्या असं समजून काही जण हताश झाले. काहींनी थेट स्क्रू काढले आणि आतला सेल सोडवून पाहिला. चिडलेले तर सगळेच होते, पण त्या चिडण्याच्या मुळाशी मला दुसरंच काही दिसतं. ज्यांनी २००६ आणि २००७ मध्ये, यंत्र अगदी नवं असताना, सर्वांत जास्त पैसे मोजून ते घेतलं होतं, तेच त्या दिवशी अडकले. अमेरिकेत ६० जीबीच्या मॉडेलची किंमत सुरुवातीला ५९९ डॉलर होती. कंपनीवर सर्वांत आधी विश्वास ठेवणारा ग्राहक बाहेर आणि उशिरा आलेला आत, असा तो प्रकार झाला.

मग ते बरं कसं झालं? आपोआप. यंत्राच्या आतल्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरलं होतं आणि २८ फेब्रुवारीनंतर २९ फेब्रुवारी आणली होती. तो नसलेला दिवस घड्याळाच्या हिशेबाने संपला, १ मार्च उजाडला आणि यंत्रं पूर्ववत चालायला लागली. सोनीने दिलगिरी व्यक्त केली, आतल्या घड्याळाने २०१० ला लीप वर्ष मानल्याचंही कबूल केलं, आणि तारीख चुकीची दिसत असेल तर पुन्हा लावून घ्या असं सांगितलं. ही कबुली दिली याचं श्रेय मी त्यांना देतो. पण उपाय म्हणून ग्राहकाच्या हातात काय आलं? थांबणं.

घड्याळाची चूक नेमकी कशी झाली असावी याचा तंत्रज्ञांनी बांधलेला अंदाज मला पटतो, कारण अशा चिप मी हाताळलेल्या आहेत. घड्याळाची चिप वर्षाचे शेवटचे दोन अंक दोन वेगळ्या खणांत ठेवते. १० हे वर्ष असेल तर एका खणात १, दुसऱ्यात ०. प्रत्येक खण चार बिटांचा, म्हणजे ० किंवा १ च्या चार जागांचा. वाचणाऱ्या प्रोग्रामने हे दोन खण वेगवेगळे न वाचता सलग एक आकडा म्हणून वाचले, तर पहिल्या खणातल्या १ चं मोल १६ होतं. २००९ पर्यंत पहिल्या खणात शून्यच होतं, म्हणून चूक असूनही दिसली नाही. २०१० लागल्यावर यंत्राच्या लेखी वर्ष १६ झालं. १६ ला चारने भाग जातो, म्हणजे लीप वर्ष, म्हणजे २९ फेब्रुवारी.

मला खरा राग येतो तो यापुढच्या भागाचा. २०१० च्या १ जानेवारीलाच काही विंडोज मोबाईल फोनांवर आलेल्या संदेशांवर २०१६ ची तारीख पडायला लागली होती. त्याच आठवड्यात जर्मनीत सुमारे ३ कोटी बँक कार्डं अडली, कारण त्यांच्या चिपमधल्या प्रोग्रामला २०१० हे वर्ष नीट ओळखता आलं नाही. आणि त्याच्याही वर्षभर आधी, ३१ डिसेंबर २००८ रोजी, मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून संगीतयंत्र जगभर गोठले होते, कारण लीप वर्षातला ३६६ वा दिवस त्याच्या घड्याळाला मोजता येईना. तिथेही सल्ला तोच होता, बॅटरी उतरू द्या आणि उद्या दुपारपर्यंत थांबा. इतक्या घंटा वाजल्या होत्या. आपल्या यंत्राचं घड्याळ फेब्रुवारीच्या शेवटी काय करेल हे प्रयोगशाळेत तारीख पुढे सरकवून पाहायला किती वेळ लागतो? मी दुकानात दहा मिनिटांत पाहू शकतो.

लीप वर्षाचा नियम अवघड नाही हो. १५८२ च्या ऑक्टोबरमध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त केलं, ४ तारखेनंतर एकदम १५ तारीख आली आणि पोर्तुगालने ते त्याच वेळी स्वीकारलं. ब्रिटनने ते १७५२ साली घेतलं, त्याच्या कितीतरी आधी गोव्यात ते रुळलेलं होतं. त्या कॅलेंडरबरोबरच आमच्या घरात पंचांगही चालतं. २०१० साली आमच्याकडे वैशाख अधिक आला होता आणि कुठल्याही गावच्या भटजींना तो कधी सुरू होतो, कधी संपतो हे आधीपासून माहीत होतं. काळाचा हिशेब चुकू शकतो हे जुन्या लोकांना ठाऊक होतं, म्हणून तर ते तो पुन्हा पुन्हा तपासत.

तरीही माझं म्हणणं असं नाही की घड्याळ चुकलं हा गुन्हा आहे. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चुकणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की घड्याळ चुकलं तर फक्त घड्याळ चुकावं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून घराचं दार उघडायचं थांबत नाही. तुम्ही मात्र घड्याळाला ट्रॉफी बांधली, ट्रॉफीला खेळ बांधला आणि खेळाला ग्राहकाचे पैसे. एक गाठ सुटली की सगळं खाली येतं.

आणि २०१० नंतर हे सुधारलं का? २०२१ साली जुने खेळ जतन करणाऱ्या मंडळींनी तपासून दाखवलं, की प्लेस्टेशन ४ चा आतला सेल संपला आणि यंत्र सर्व्हरपर्यंत पोचू शकलं नाही, तर डिस्कवरचे खेळही चालत नाहीत. सेल नवा घातला तरी एकदा सर्व्हरशी बोलल्याशिवाय यंत्राला वेळेची खात्री पटत नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलची ऑनलाइन दुकानं बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला होता, तो लोकांच्या दबावामुळे एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला. म्हणजे सर्व्हर कायम राहतील ही आशा किती तकलादू आहे ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं. पुढे सप्टेंबर २०२१ मधल्या ९.०० या अपडेटने प्लेस्टेशन ४ ची ती अडचण दूर केली. अपडेटबरोबरच्या टिपणात या बदलाचा उल्लेखही नव्हता. लोकांनी सेल काढून, यंत्र लावून पाहिलं तेव्हा कळलं.

ही दुरुस्ती होऊ शकते याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. एका अपडेटमध्ये झाली. मग जे कन्सोल अजून तसेच आहेत, ज्यांच्यापर्यंत अपडेट पोचलेलं नाही, ज्यांची सेवा तुम्ही संपली म्हणता, त्यांचं काय?

आता माझ्या टेबलावरून दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

घड्याळाचा सेल म्हणजे सीआर-२०३२. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. फोंड्याच्या बाजारात घड्याळवाल्याकडेही मिळतो. हा सेल एका इवल्याशा क्वार्ट्झ स्फटिकाला जागता ठेवतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर यंत्राची वेळ चालते. इतकी साधी, इतकी स्वस्त वस्तू तुम्ही ठेवता कुठे, तर यंत्राच्या पोटात. ती बदलायला मधोमध टोचा असलेले टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचे, स्क्रू काढायचे, जुन्या मॉडेलांत झाकण, पॉवर सप्लाय, डिस्क ड्राइव्ह असं एकेक उतरवायचं. या कामात पट्टीची केबल फाटली की सेलच्या कैकपट खर्च. १९९४ साली जपानमध्ये आलेल्या सेगा सॅटर्नला मागे एक छोटं झाकण होतं. ते उघडायचं, सेल बदलायचा, बंद करायचं. तीस वर्षांपूर्वी जे जमलं ते आज जमत नाही यावर मी विश्वास ठेवायचा?

मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलची गोष्ट याहून वाईट आहे. त्यात सेलच्या जागी एक कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, होता, प्लग काढल्यावर काही तास वेळ लक्षात राहावी म्हणून. वर्षं गेली की तो कॅपॅसिटर पाझरतो आणि त्यातला द्रव मदरबोर्डच्या, म्हणजे मुख्य बोर्डाच्या, रेषा खातो. आखातातून आलेले तसले कन्सोल माझ्याकडे अजून अधूनमधून येतात. काही तासांच्या वेळेसाठी ठेवलेल्या भागाने अख्खा बोर्ड गिळलेला असतो. आमच्या हवेत मीठ, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, तिथे हे सगळं लवकर होतं. याबद्दल मालकांना वेळेत कळवलं असतं, तर तो भाग काढून टाकायला कुठल्याही कारागिराला फार वेळ लागत नाही.

स्क्रूवर तुमचं स्टिकर असतं, उघडलं तर वॉरंटी गेली म्हणून. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा स्टिकरांबद्दल एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो तिघीही होत्या. तिथल्या ग्राहकाला जो हक्क आहे तो आमच्या सत्तरी तालुक्यातल्या ग्राहकाला का नाही?

सत्तरीचं नाव काढलं ते उगाच नाही. तिथल्या एका वाड्यावर मुलांनी वर्गणी काढून जुना कन्सोल घेतला. पावसात झाड पडून तारा तुटल्या की वीज जाते, आणि वीज आली तरी इंटरनेट दोन दिवस मागून येतं. शाळेला सुटी, मैदानात पाणी, मुलं घरात. नेमक्या त्याच दिवसांत यंत्राचा सेल उतरलेला असेल तर ती मुलं कोऱ्या पडद्याकडे बघत बसतात. मोठ्या शहरातल्या कचेरीत बसून इंटरनेट सदासर्वकाळ असतं असं वाटणं साहजिक आहे. मी तुम्हाला जुलैमध्ये वाळपईच्या पुढे यायचं आमंत्रण देतो. जेवणाची सोय माझ्याकडे.

कन्सोल बंद पडला की सल्ला मिळतो, नवा घ्या. आणि जुना? भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेम आणि हातात धरायचे कन्सोल दोन्ही येतात आणि त्या कचऱ्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलेली आहे. ज्या यंत्राला फक्त एक सेल हवा होता ते यंत्र कचऱ्यात ढकलून तुम्ही ती जबाबदारी पाळता असं मला वाटत नाही. ते यंत्र चालू ठेवणं हीच सर्वांत चांगली विल्हेवाट आहे, कारण विल्हेवाट लावायची वेळच येत नाही.

तुमच्या बाजूनेही मी विचार केला आहे. वेळ तपासली नाही तर लोक तारीख मागेपुढे करून ट्रॉफी लबाडीने मिळवतील, भाड्याचे चित्रपट मुदतीनंतरही बघतील, असं तुमचे लोक सांगतात. त्यात तथ्य आहे. मग भाड्याचा चित्रपट बंद ठेवा, हरकत नाही, तो आमचा नाहीच. ट्रॉफीवर तारीख घालू नका, किंवा वेळेची खात्री झालेली नाही अशी खूण करा. पण मी पैसे देऊन विकत घेतलेली डिस्क माझ्या यंत्रात, माझ्या घरात, माझ्या विजेवर चालण्याशी या लबाडीचा संबंध काय? ट्रॉफीचा मान सांभाळायचा म्हणून खेळच हिरावून घेणं मला मान्य नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. विकत घेतलेला खेळ, डिस्कवरचा असो वा इंटरनेटवरून उतरवलेला, घड्याळ चुकलं, थांबलं किंवा सेल संपला तरी चालला पाहिजे. वेळ हाताने लावता आली पाहिजे आणि यंत्राने ती मानली पाहिजे. ज्या जुन्या मॉडेलांत आज हे होत नाही, त्यांच्यासाठी एक शेवटचं अपडेट काढा. ते पेन ड्राइव्हवर घेऊन घालता येईल असं ठेवा आणि तुमच्या सर्व्हरवर अवलंबून न ठेवता मोकळं वाटता येईल अशी परवानगी द्या. ही माझी पहिली मागणी आहे आणि बाकीच्या नाही झाल्या तरी ही व्हायलाच हवी.

सर्व्हर किंवा सेवा बंद करायची असेल तर निदान एक वर्ष आधी जाहीर करा, आणि बंद झाल्यावर कोणत्या मॉडेलमध्ये काय काय चालणार नाही ते सरळ भाषेत लिहा. इथल्या ग्राहकांना ते मराठीत आणि कोकणीत वाचता यावं. पुढच्या मॉडेलांत सेल बाहेरून बदलता येईल असं झाकण द्या. दुरुस्तीची पुस्तिका आणि सुटे भाग आमच्यासारख्या स्वतंत्र कारागिरांना योग्य किमतीत मिळू द्या. गोव्यात यंत्र विकायला दुकान आहे, दुरुस्तीला ते राज्याबाहेर पाठवावं लागतं, हे बरोबर नाही.

घड्याळाचा मोठा बिघाड झाला तर कारण सविस्तर प्रसिद्ध करा. फक्त आता ठीक आहे एवढं पुरत नाही, चूक कुठे होती आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय तपासलं तेही सांगा. आणि पुढच्या तारखा आजच तपासा. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, भरून वाहतील, म्हणजे पुढचा आकडा त्यांत मावणार नाही. आज तुम्ही विकत असलेलं यंत्र तोपर्यंत कुणाच्या तरी घरात असणार, माझ्यासारखे लोक ते चालू ठेवणार. २१०० साल चारने भागलं जातं पण लीप नाही, तेही एकदा बघून घ्या. आपल्या हयातीत ते येणार नाही म्हणून सोडून देऊ नका.

या पत्राची प्रत मी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागालाही पाठवत आहे. त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. गेम कन्सोल त्यात ठळकपणे यावेत आणि कंपन्यांनी आपली दुरुस्तीची माहिती तिथे ठेवावी अशी माझी त्यांना विनंती आहे. कन्सोल मालकांनाही सांगतो, सेवा संपली असं उत्तर आलं तर ते लेखी मागून घ्या, जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. एकेकट्याची कुरकूर कुठेच पोचत नाही. २०२१ मध्ये दुकानं बंद करण्याचा निर्णय फिरला तो लोक एकत्र बोलले म्हणून.

डिचोलीचा तो तरुण पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर जाणार आहे. त्याच्या कन्सोलमध्ये मी नवा सेल घातला आहे आणि एक जादा सेल, स्क्रू ड्रायव्हरसकट, त्याच्या पिशवीत दिला आहे. सेल कसा बदलायचा ते तो शिकला. पण बदलल्यावर सर्व्हर लागणारच, आणि तिथे माझं कसब संपतं. पुढचं तुमच्या हातात आहे. या पत्राचं उत्तर मला खाजगीत नको, जाहीर द्या, म्हणजे त्याच्यासारख्या सगळ्यांना ते वाचता येईल.

आपला,
एक दुरुस्ती कारागीर
फोंडा, गोवा